बंदा रुपया : चांदीच्या जुन्या नाण्याचे मोल कशाने ठरते?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री चौरंगावरच्या तबकात हळदकुंकू वाहिलेले चांदीचे रुपये मांडले जात नाहीत, असे जुने मराठी घर वडोदऱ्यात, इंदुरात किंवा ग्वाल्हेरीत विरळाच. कोणाचा पूर्वज फौजेबरोबर इकडे आला, कोणाचा दप्तरात कारकुनी करण्यासाठी, तर कोणाचा शाळेत शिकवण्यासाठी. वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, मुले दूरदेशी गेली. पण रुपयांची पुरचुंडी मात्र एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जात राहिली. वर्षातून एकदा ती बाहेर निघते, धुतली जाते, पुजली जाते आणि पुन्हा आत जाते. मग एके दिवशी घरातील वडीलधारे माणूस जाते आणि त्या पुरचुंडीचे मोल किती, हा प्रश्न प्रथमच उभा राहतो.

असाच एक प्रसंग गेल्या वर्षी वडोदऱ्यातील एका परिचित घरी पाहिला. माई गेल्या. दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तीन भावंडे. वाटणीत कोणाचा कोणाशी तंटा नव्हता. पितळी डब्यातील सत्तेचाळीस नाणी सोनाराकडे नेऊन मोडावीत आणि येतील ते पैसे तिघांत सारखे वाटावेत, असे ठरत आले होते. सोनाराने डबा पाहून, ‘जुन्या रुपयात अर्धी चांदी असते, त्या हिशेबाने देतो,’ असे सांगितले होते. धाकट्याच्या भ्रमणध्वनीवर मात्र, ‘अमुक सालचा रुपया असल्यास लाखो रुपये मिळवा,’ असा निरोप आलेला. थोरला म्हणे, सारे अर्ध्या चांदीच्या भावात द्यावे. धाकटा म्हणे, डब्यात लाखांचा ऐवज आहे. मला नाण्यांचा थोडा नाद आहे हे ठाऊक असल्याने ताईंनी बोलावणे धाडले. “भाऊ, तुम्ही एकदा नजर टाका. नाहीतर आमच्या माईची ठेव आम्ही न ओळखताच मोडून बसू,” एवढेच त्या म्हणाल्या.

दोघांचेही म्हणणे चुकीचे होते. ते कसे, हे समजून घेतले म्हणजे चांदीच्या नाण्याचे मोल कशाने ठरते याचे बहुतेक उत्तर हाती येते.

पहिला पाया : वजन आणि कस

चांदीच्या कोणत्याही नाण्याचे मोल त्यातील शुद्ध चांदीच्या किमतीखाली सहसा जात नाही. ही त्याची तळाची पायरी. म्हणून प्रथम नाण्याचे वजन आणि चांदीचा कस पाहावयाचा.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यातील सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. कस बारा भागांत अकरा भाग चांदीचा. याचा अर्थ असा की, एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असे. चौथा विल्यम, राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज अशी नाण्यावरची मुद्रा बदलत गेली, पण वजन आणि कस शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. आपल्या आज्या ज्याला कौतुकाने ‘राणीछाप’ म्हणत, व्यापारी ज्याला ‘कलदार’ म्हणत, तो हाच. मोड न केलेल्या रुपयाला मराठीत ‘बंदा रुपया’ म्हणतात आणि भरवशाच्या माणसालाही आपण तेच विशेषण देतो, ते उगीच नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात हा क्रम मोडला. चांदीची टंचाई भासू लागली तेव्हा १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. वजन तेच, पण त्यात चांदी पन्नास टक्के, तांबे चाळीस टक्के आणि निकेल व जस्त प्रत्येकी पाच टक्के. अशा रुपयात शुद्ध चांदी अवघी ५.८३ ग्रॅम. पुढे १९४७ साली चांदी पूर्णपणे गेली आणि निकेलचा रुपया आला. म्हणजे सहाव्या जॉर्जची मुद्रा असलेले दोन रुपये शेजारी शेजारी ठेवले, तर १९३८ सालच्या एकात दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट चांदी असू शकते. ओळखण्याची खूण काठावर आहे. जुन्या रुपयाच्या काठावर साधे उभे दाते असतात. १९४० नंतरच्या रुपयाच्या काठावर, नकली नाणी ओळखता यावीत म्हणून, दात्यांच्या मधोमध नक्षीची खाच फिरविलेली दिसते.

संस्थानी नाण्यांचा हिशेब निराळा. निजामाच्या हैदराबादचा ‘हाली सिक्का’ रुपया, ज्यावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून चारमिनारचे चित्र आले, तो वजनाने ११.१८ ग्रॅम आणि कसाने हजारात ८१८ भाग. म्हणजे त्यात चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत, असा व्यवहार होता. गोमंतकात पोर्तुगीज राजा लुईश याच्या मुद्रेचे १८८१–८२ सालचे रुपये मात्र इंग्रजी रुपयाच्याच वजनाचे व कसाचे होते. स्वतंत्र भारतात १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त निघालेले दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे असून त्यात ऐंशी टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी आहे.

आता माईंच्या डब्याकडे वळू. त्यात व्हिक्टोरियाचे नऊ, एडवर्डचे सहा, पाचव्या जॉर्जचे चौदा आणि सहाव्या जॉर्जचे अकरा रुपये होते. गायकवाडांचे चार, हैदराबादचे दोन आणि गांधी शताब्दीचे एक नाणे. सहाव्या जॉर्जच्या अकरांपैकी तीन १९३८ सालचे, म्हणजे पूर्ण कसाचे. गायकवाडी चार बाजूला ठेवून उरलेल्या त्रेचाळीस नाण्यांचा हिशेब मांडला. पूर्ण कसाचे बत्तीस रुपये म्हणजे ३४२ ग्रॅम. अर्ध्या चांदीचे आठ, सुमारे ४७ ग्रॅम. हाली दोन, १८ ग्रॅम. शताब्दीचे एक, १२ ग्रॅम. झीज सोडून बेरीज ४१९ ग्रॅम शुद्ध चांदी. सोनाराच्या ‘अर्ध्या चांदी’च्या हिशेबाने हीच बेरीज २५२ ग्रॅम भरत होती. म्हणजे पावपट-अर्धपट नव्हे, तर तब्बल १६७ ग्रॅम चांदी केवळ अज्ञानापोटी हातची जाणार होती. भाव काहीही असो, तो या आकड्याला गुणून पाहावा. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला शंभर रुपये धरले, तरी सोळा-सतरा हजारांचा फरक पडतो.

सोनार लबाड होता असे मी म्हणणार नाही. अर्ध्या चांदीचे रुपये बाजारात पुष्कळ येतात. त्याने सरसकट तोच मापदंड लावला. पण काठ पाहून नाणी वेगळी करण्याचे काम मोडणाऱ्याचे नसते. ते ठेवणाऱ्याचे असते.

दुसरा पाया : किती पाडली नव्हे, किती उरली

चांदीच्या वर जे मोल चढते, त्यात पहिला वाटा दुर्मिळतेचा. येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. नाणे जितके जुने तितके मौल्यवान, हे खरे नाही. १८४० सालचे व्हिक्टोरियाचे रुपये पावणेदोनशे वर्षांहून जुने आहेत. पण ते कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले आणि आजही सहज मिळतात. उलट, त्यांच्याहून शंभर वर्षांनी लहान असलेला १९३९ सालचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयांत अत्यंत दुर्मिळ मानला जातो. पूर्ण कसाचा तो शेवटचा रुपया. अगदी थोडी नाणी टांकसाळीबाहेर पडली, आणि पुढच्याच वर्षी कस बदलला.

किती नाणी पाडली, यापेक्षा किती उरली, हा आकडा महत्त्वाचा. याचे प्रसिद्ध उदाहरण १९११ सालचा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगरख्यावर मानचिन्हाची साखळी होती आणि तीत हत्ती कोरलेला होता. परंतु त्याची सोंड इतकी आखूड दिसे की, लोकांना तो डुकरासारखा वाटला. लोकभावना दुखावल्या, ओरड झाली. सुमारे चौऱ्याण्णव लक्ष रुपये पाडले होते. त्यांपैकी सुमारे सात लक्षच लोकांच्या हाती गेले असताना उरलेले मागे घेऊन वितळविण्यात आले, आणि १९१२ पासून हत्ती नीट ओळखू येईल अशी मुद्रा काढण्यात आली. एका सोंडेने नाण्याचे नशीब पालटले, असे म्हणावयास हरकत नाही.

वितळविण्याचा हा इतिहास फार मोठा आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव इतका चढला की, रुपयातील धातू रुपयाहून महाग होऊ लागला. १९१७ साली सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. रुपयांसाठी चांदी पुरविण्याकरिता अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले सुमारे सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळविले. त्यातील बहुतेक चांदी हिंदुस्थानात आली. म्हणजे आपल्या आजीच्या डब्यातील १९१८ सालच्या रुपयात अमेरिकी डॉलरची चांदी असू शकेल! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पुन्हा चांदी उसनी दिली, आणि ती परत करण्यासाठी युद्धानंतर अर्ध्या चांदीचे रुपये गोळा करून कलकत्त्यात त्यांतून चांदी काढण्यात आली. त्याआधीच १९४१ ते १९४३ च्या दरम्यान जुने पूर्ण कसाचे रुपयेही टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले गेले होते. इतक्या भट्ट्यांतून जे वाचले, ते लोकांनी देवघरात, मडक्यात, कनवटीला जपले म्हणूनच.

दुर्मिळतेचे आणखी बारीक भेद आहेत. एकाच सालचे नाणे मुंबई व कलकत्ता अशा दोन टांकसाळींत पाडले गेले असेल, तर एक विपुल आणि दुसरे विरळ असू शकते. व्हिक्टोरियाच्या काही रुपयांवर मुंबईची खूण म्हणून इंग्रजी ‘बी’ अक्षर आढळते. पुढच्या राजांच्या काही नाण्यांवर बारीक टिंब. कलकत्त्याच्या नाण्यावर बहुधा काहीच खूण नसते. १८६२ सालच्या रुपयाची गंमत तर निराळीच. हे साल पुढे कित्येक वर्षे तसेच कोरले जात राहिले आणि नाणे प्रत्यक्षात कोणत्या वर्षीचे, हे अभ्यासक टिंबांच्या मांडणीवरून ठरवितात. म्हणून नाणे हाती आले की भिंग घेऊन साल, खूण आणि काठ या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि त्या वहीत टिपाव्यात.

धाकट्याचा ‘लाखांचा’ रुपया भिंगाखाली धरला. साल १९३८ निघाले. झिजलेला आठ त्याला नऊ भासला होता. त्याचा चेहरा उतरला. पण असा भास मुद्दाम घडविणारेही आहेत. १९३८ च्या आठाचा नऊ कोरून केलेली नाणी बाजारात येतात, हे या दुर्मिळ सालाचा मोह धरणाऱ्याने विसरू नये.

तिसरा पाया : नाण्याची प्रकृती

दुर्मिळता आपल्या हाती नाही. परंतु मोलाचा तिसरा पाया संपूर्णपणे आपल्याच हाती असतो, आणि आपण तोच भक्तिभावाने खणून काढतो. तो म्हणजे नाण्याची स्थिती.

टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर दाबाखाली धातू पसरल्याच्या सूक्ष्म रेषा असतात. नाणे हलविले की त्यांवरून प्रकाश फिरतो. ही मूळची झिलई. वापरात प्रथम उंच भाग झिजतात : राणीच्या केसांच्या बटा, राजाच्या मुकुटाचे तपशील, साखळीतील बारीक नक्षी. संग्राहक हेच पाहतात. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली नाण्यांची प्रत मोजण्यासाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली आणि तिचे सुधारलेले रूप आज जगभर वापरले जाते. एकाच सालचा, एकाच टांकसाळीचा रुपया झिजलेला असेल तर चांदीच्या भावाने जातो आणि कोरा असेल तर कित्येक पटींनी. दोघांत चांदी सारखीच असते. फरक असतो तो केवळ स्पर्शाचा.

आणि आपण काय करतो? दर दिवाळीला चिंच लावतो, राख लावतो, रांगोळीने घासतो. लखलखीत झाले म्हणजे लक्ष्मी प्रसन्न झाली असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक घासण्यासरशी त्या सूक्ष्म रेषा आणि मुद्रेचे कोपरे निघून जातात. वर्षानुवर्षे हवेतील गंधकाने चांदीवर जो राखी, निळसर, कधी तांबूस थर चढतो, तो मळ नव्हे. तो नाण्याच्या वयाचा दाखला आहे. जाणता संग्राहक काळवंडलेले नाणे आनंदाने घेतो आणि घासून चमकविलेले बाजूला सारतो. एकदा घासलेले नाणे पुन्हा न घासलेले होत नाही.

माईंच्या डब्यातील व्हिक्टोरियाचे नऊही रुपये असे निष्ठेने घासले गेले होते. राणीचा चेहरा गुळगुळीत, केस दिसेनासे. साठ-सत्तर दिवाळ्या त्यावर होत्या. १९११ सालचा एक रुपयाही निघाला. क्षणभर मलाही आनंद झाला. पण त्याच्या माथ्यावर चांदीची कडी डाखलेली होती. माईंच्या सासूबाईंनी तो गळ्यात घातलेला होता. डाखलेले, भोक पाडलेले नाणे संग्राहकाच्या लेखी जखमी असते. जुन्या सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेल्या टोच्यांचेही तसेच.

हाताने ठोकून पाडलेल्या संस्थानी नाण्यांना थोडा वेगळा न्याय लागतो. तेथे ठसा मोठा आणि चकती लहान असे, म्हणून अर्धी अक्षरे काठाबाहेर राहून जात. अशा नाण्यावर टांकसाळीचे नाव, वर्ष किंवा चिन्ह पूर्ण उमटलेले असेल तर त्याला अधिक मोल. होळकरांच्या मल्हारनगर, म्हणजे इंदूरच्या टांकसाळीतील रुपयावरचा हसरा सूर्य, अहल्याबाईंच्या काळच्या महेश्वरच्या नाण्यावरील शिवलिंग आणि बेलपान, ही चिन्हे जितकी सुस्पष्ट तितका संग्राहकाचा जीव त्यांत अधिक गुंततो.

चौथा पाया : अस्सलपणा, मागणी आणि कुळकथा

नाणे खोटे असेल तर वरचे तिन्ही पाये कोसळतात. घरच्या घरी करता येण्यासारख्या कसोट्या सोप्या आहेत. दशांश ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर वजन करावे, रुपया ११.६६ ग्रॅमहून किंचित कमी भरला तर ती झीज, पण ग्रॅम-दीड ग्रॅमचा फरक असेल तर शंका घ्यावी. लोहचुंबक लावून पाहावा. चांदी चुंबकाला चिकटत नाही. काठावर ओतीव कामाची शिवण दिसते का, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे आहेत का, अक्षरे बोथट आहेत का, हे पाहावे. एक कसोटी उतरली म्हणजे नाणे खरे ठरले असे नव्हे. पण एक जरी नापास झाली, तर मात्र थांबावे.

काही ‘नाणी’ तर कोणत्याच टांकसाळीने कधी पाडली नाहीत. एका बाजूस रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व सतराव्या-अठराव्या शतकातील एखादे साल, अशा चकत्या जत्रांतून विकल्या जातात. कंपनीने असे चलन कधीच काढलेले नाही. पूजेसाठी ती जरूर ठेवावीत. संपत्ती म्हणून नव्हे. तांदूळ ओढून घेणारे ‘चमत्कारी’ नाणे हा तर उघड फसवणुकीचा धंदा आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क वा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. आधी पैसे भरा, मग लाखो मिळवा, असा कोणताही निरोप आला तर तो पुसून टाकावा.

अस्सल आणि विरळ नाण्यालाही घेणारा हवा. अतिशय दुर्मिळ, पण कोणी न विचारणारे नाणे स्वस्त राहते. पुष्कळ असलेले, पण अनेकांना हवे असलेले नाणे महाग होते. आपल्या संस्थानी नाण्यांना आज जी मागणी दिसते, तिच्या मागे धातू नव्हे, आठवण आहे. गायकवाडांच्या नाण्यावरील नागरी अक्षरे, शिंद्यांच्या नाण्यांवरील त्रिशूळ किंवा सर्प, हैदराबादचा चारमिनार, ही त्या त्या गावाच्या माणसाला आपली वाटतात. महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या घरांना तर अधिकच.

आणि शेवटी कुळकथा. नाणे कोठून आले, कोणाकडे होते, याचा लेखी दाखला असेल तर नाण्याची विश्वासार्हता वाढते. माईंच्या डब्यात तळाशी एक कागदाची पुडी होती. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते, म्हणून ती कोणी उलगडलीच नव्हती. मी अडखळत अक्षरे लावली. पणजोबांनी लिहिले होते, ‘सन १८९६, प्रथम पगारातील, खर्च करू नयेत.’ आत महाराज सयाजीरावांच्या मुद्रेचे दोन रुपये. पुडीत राहिल्यामुळे ते चिंचेपासून वाचले होते. करडा-निळा थर चढलेला, मुद्रेवरील फेट्याची घडी न् घडी दिसणारी. डब्यातील सत्तेचाळिसांत खऱ्या अर्थाने संग्राह्य अशी हीच दोन. ती वाचली, कारण एका माणसाने त्यांना नाव दिले आणि वेगळे ठेवले.

घरच्या पुरचुंडीसाठी

या अनुभवावरून वाचकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नाणी मोडण्यापूर्वी ती साल, खूण आणि काठ पाहून वेगळी करावीत, आणि प्रत्येकाचे वजन लिहून ठेवावे. एकाच ठिकाणी भाव विचारू नये; निदान दोन-तीन जाणकारांना दाखवावीत आणि नाणी नजरेआड होऊ देऊ नयेत. देवाचा रुपया वेगळा ठेवावा : अर्ध्या चांदीची किंवा आधीच झिजलेली नाणी पूजेला घ्यावीत, त्यांनाच हळदकुंकू आणि चिंच, बाकीच्यांना हातही काठाला धरूनच लावावा. साठवणीसाठी साधा, आम्लरहित कागद बरा. मऊ प्लॅस्टिकच्या थैल्या, रबराचे पट्टे आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला बाधतो.

कायद्याच्याही दोन बाबी ध्यानात असू द्याव्यात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ‘पुरावस्तू’ ठरते. ते खाजगी व्यक्तीला परदेशी नेता वा पाठविता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आठवण म्हणून रुपये देऊ पाहणाऱ्या आईवडिलांनी हे जाणून असावे. आणि घर पाडताना वा विहीर खणताना जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ज्यांना या विषयाची गोडी लागेल, त्यांनी नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेला एकदा भेट द्यावी. तेथे नाणी बोलकी होतात.

माईंच्या डब्याची वाटणी शेवटी अशी झाली. अर्ध्या चांदीचे आठ रुपये तिन्ही घरच्या देवघरांत वाटले गेले. पूर्ण कसाचे रुपये मोडले नाहीत. मोजून तीन वाटे केले आणि प्रत्येक वाट्याबरोबर एक यादी जोडली. पुडीतील दोन रुपये थोरल्याकडे गेले, पण मोडी चिठ्ठीची छायाप्रत तिघांकडे राहिली. कडी डाखलेला १९११ चा रुपया ताईंनी मागून घेतला. मी म्हणालो, “बाजारात याला आता चांदीपलीकडे फारसे कोणी देणार नाही.” त्या हसल्या. “बाजारात न्यायचाच कोणाला आहे? आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ती गळ्यात काय घालत असे, एवढेच मला आठवते.”

नाण्याचे मोल वजनावर, कसावर, विरळपणावर, प्रकृतीवर आणि घेणाऱ्याच्या इच्छेवर ठरते, हे सारे खरेच आहे. ते एवढ्यासाठी शिकावयाचे की जे मोडण्यासारखे आहे ते योग्य भावाने मोडावे, जे जपण्यासारखे आहे ते न घासता जपावे, आणि जे केवळ आपल्याच घरचे आहे ते कोणत्याही भावाने देऊ नये. या तिन्हींतील भेद ओळखता आला, म्हणजे पूर्वजांनी खर्च न करता राखलेला तो बंदा रुपया खऱ्या अर्थाने आपल्या हाती आला.